रविवारची इर्जिक

परळ, मुंबई
३ ऑक्टोबर १९३६

ती. आबा,

तुमचा पुतण्या जिवंत आहे आणि नोकरीलाही आहे, हे आधी सांगतो, कारण आई तुम्हाला काय काय कळवते ते मला ठाऊक आहे. गिरणी सोडून मी साप्ताहिकात गेलो म्हणून तिच्या मते मी वाया गेलो. साप्ताहिक कामगारांचं आहे. त्यांना पगार वेळेवर मिळावा म्हणून आम्ही दर आठवड्याला लिहितो आणि आमचा स्वतःचा पगार दोन-दोन महिने होत नाही. हसा तुम्ही, मी इथून ऐकतो.

काम असं आहे. मजुरीचे कायदे साध्या मराठीत सांगणारी एक लहानशी पुस्तिका आम्ही काढतो आहोत. पण शब्दांपाशी गाडी अडते. ओव्हरटाइमच्या पैशांना आमच्या संपादकांनी ‘अतिकालीन वेतन’ असा शब्द काढला आहे. गिरणीच्या दारात तो वाचून दाखवला, तर मागावरच्या एका साच्यावाल्यानं विचारलं, हे कुठल्या देवाचं स्तोत्र?

तुम्ही इतकी वर्षं लोणावळ्याच्या ठेकेदाराकडे हजेरी घेता. अर्धा मावळ तुमच्यासमोरून कामाला जातो. तिथले गडी मजुरीला, जादा वेळेच्या कामाला, त्याच्या पैशांना काय काय म्हणतात ते लिहून पाठवाल का? जसं बोलतात तसंच लिहा. मी मुंबईत वाढलो, औंढ्याचे शब्द मला परके झाले आहेत आणि त्याचं वाईट वाटतं.

अंबूकाकींना नमस्कार सांगा.

तुमचा,
बजरंग

*

औंढे, ता. मावळ
११ ऑक्टोबर १९३६

चि. बजरंग,

आशीर्वाद तर आहेतच, पण ते ‘अतिकालीन वेतन’ वाचून मी आधी चष्मा पुसला. लेका, हा शब्द म्हणेपर्यंत पाळी संपेल. तुझ्या संपादकांना म्हणावं, ज्याला मागायचं आहे त्याच्या तोंडात बसेल असं काहीतरी काढा.

आता ऐक. पगार असतो तो रेल्वेवाल्याचा, शाळामास्तराचा आणि माझ्यासारख्या खर्डेघाशाचा. गड्याला मिळतो तो रोज. बाईलाही रोजच, पण गड्यापेक्षा कमी, आणि तो कमी का, हे विचारायला आमच्याकडे शब्दच नाही. आधी मागून घेतली ती उचल. आला नाही तो खाडा. माझी रेघ पडली की हजेरी भरली, दुपारी पाऊस लागला तर अर्धीच. शनिवारी संध्याकाळी होतं ते वाटप. त्या दिवशी मला सगळे ‘आबा आबा’ करतात, सोमवारी ओळख देत नाहीत.

ओव्हरटाइमचं म्हणशील, तर रेल्वेच्या शेडातले लोक ‘ओव्हरटैम’ म्हणतात, तेही मिशीवरून हात फिरवत. आमच्या ठेकेदाराकडे हा शब्द नाही, कारण ती चीजच नाही. अंधार पडेपर्यंत काम, आणि दगड उरलाच तर तो उचलून होईपर्यंत अंधार पडला नाही असं समजायचं.

पण रविवारचं एक सांगतो, ते तुला आवडेल. भुशीच्या रस्त्याला मुंबईच्या एका बड्या असामीचा दुमजली दगडी बंगला चालला आहे. मालकाला उन्हाळ्यात राहायला यायचं आहे, म्हणून ठेकेदाराला रविवारीही काम हवं. पहिले काही रविवार त्यानं गड्यांना फुकट राबवलं. जो येणार नाही त्यानं सोमवारी तोंड दाखवू नये, असा हुकूम. मला ते बघवेना. रविवारचा रोज मागून तो देणार नाही हे मी पुरतं ओळखून होतो. म्हणून एक दिवस त्याला म्हटलं, शेठ, आमच्याकडे इर्जिक असते.

तू मुंबईकर, तुला समजावून सांगायला हवं. नांगरट असो, भाताची आवणी म्हणजे रोपांची लावणी असो, एका घराला पेलत नाही असं काम निघालं की माणूस वाडीला बोलावणं करतो. सगळे येतात, दिवसभर त्याच्या वावरात राबतात आणि तो त्यांना पोटभर जेवू घालतो. ही इर्जिक. पैसे कुणी देत नाही, कुणी घेत नाही. घेतले तर ती इर्जिकच नव्हे. उद्या त्यांच्यातल्या कुणी बोलावलं की यानं जायचं. जो जेवला तो बांधला गेला.

तर मी ठेकेदाराला सांगितलं, रविवारी बकरं कापा, भात शिजवा आणि इर्जिक म्हणा, गडी हसत येतील. त्याला एकदम पटलं. बकरं एवढ्या जणांच्या रोजापेक्षा स्वस्तच पडतं. आता रविवारी खरंच सगळे हसत येतात. बहिरू म्हणून एक गडी आहे, औंढ्याच्या वर डोंगराच्या पोटात वाडी आहे तिथला. परांचीवरून दगड चढवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही. पहिल्या रविवारी पानावरून उठताना तो म्हणाला, “आबा, ठेकेदार आपल्यातला झाला की वो.” मला फार बरं वाटलं रे. उभा जन्म रेघा ओढण्यात गेला, त्यात एक तरी चांगली गोष्ट हातून झाली असं वाटलं.

पुस्तिकेत घालायचं तर घाल. माझं नाव घालू नकोस, ठेकेदार वाचत नाही पण त्याचा मेहुणा वाचतो.

तुझा,
भिमाजीकाका

*

परळ, मुंबई
१९ ऑक्टोबर १९३६

ती. आबा,

शब्दांबद्दल उपकार झाले. ‘उचल’ आणि ‘खाडा’ आम्ही जसेच्या तसे घेतले.

पण रविवारचं वाचून मला तुमच्यासारखं बरं वाटलं नाही. रागावू नका, लहान तोंडी मोठा घास घेतो. तुम्हीच लिहिता की ज्याच्या वावरात आज राबलो तो उद्या माझ्या वावरात येतो. तुमचा ठेकेदार बहिरूच्या वावरात कधी उतरणार आहे? तो येणार नसेल तर ही कसली इर्जिक? रश्श्याच्या वाटीवर त्यानं माणसांचा रविवार विकत घेतला आणि वर आपल्यातला झाला. आम्ही इथं संप करून डोकी फोडून घेतो ते एवढ्याचसाठी की जादा वेळेला जादा पैसे मिळावेत. ते काम तुम्ही एका बकऱ्यात मिटवलंत.

तुमचा हेतू चांगला होता हे मला कळतं. म्हणूनच जास्त वाईट वाटतं. आमच्या संपादकांना ते पत्र मी दाखवलेलं नाही. जमलं तर हे थांबवा, आबा.

बजरंग

*

औंढे
८ डिसेंबर १९३६

चि. बजरंग,

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. राग आला होता. मुंबईत बसून पोरगं मला माणुसकी शिकवतंय असं वाटलं. आता तो राग कुठल्या तोंडानं धरू?

गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी बंगल्याच्या वरच्या मजल्याला दगड चढवत होते. परांचीचा एक बांबू दोरातून निसटला. बाकीचे बाजूला झाले. बहिरूच्या खांद्यावर दगड होता, त्याला बाजूला होता आलं नाही. तो खाली आला आणि मागोमाग दगड त्याच्या डाव्या पायावर आला. मी तेव्हा जेवणाच्या पत्रावळी मांडून घेत होतो. ओरडणं ऐकलं ते बहिरूचं नव्हतं, त्याच्या मेव्हण्याचं, शिदूचं होतं. बहिरूला ओरडायचीही शुद्ध नव्हती.

ठेकेदाराबद्दल खरं आहे ते लिहिलं पाहिजे. त्यानं बहिरूला स्वतःच्या मोटारीत घालून पुण्याला दवाखान्यात नेलं. गादी रक्तानं भरली तरी चकार शब्द काढला नाही. डॉक्टरांनी जीव वाचवला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी वाडीवर गेलो. बहिरूची बायको बाया दारात उभी होती, कडेला त्यांची मुलगी चिंगी. बायानं एवढंच विचारलं, “आबा, मानूस जित्ता हाय न्हवं? मग बाकीचं बघू.” बाकीचं काय बघणार ती? चार खाचरं भाताची आणि बहिरूचा रोज, एवढ्यावर ते घर उभं होतं. वर्षाचं भात शिमग्याला संपतं, पुढं सगळा रोजच.

काल ठेकेदारापाशी शब्द टाकला. तो शांतपणे म्हणाला, “भिमाजी, पाय गेला तर भरपाई असते, पण ती मजुरीवर असताना. रविवारी मजुरीवर होतं कोण? तूच म्हणालास ना, इर्जिक.” औषधाला म्हणून काही रुपये माझ्या हातावर ठेवले. ते मी बायाला नेऊन दिले.

बजरंग, तुमच्या त्या पुस्तिकेत यावर काही आहे का? असेल तर लगेच कळव. मला अन्न गोड लागत नाही.

भिमाजी

*

परळ, मुंबई
१२ डिसेंबर १९३६

ती. आबा,

मी तुम्हाला जे लिहिलं ते खरं ठरायला नको होतं. तुम्ही दोष स्वतःकडे ओढून बसू नका, सध्या त्याला वेळ नाही.

कायदा आहे. कामावर असताना अंगाला इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची. पाय गेला तर रक्कम बरी असते, दोन-तीन वर्षं बहिरूचं घर तरून जाईल एवढी. पण त्या दिवशी तो मजुरीवर होता हे ठरलं पाहिजे. तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना नीट सांगा. इर्जिक हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. प्रत्येकानं म्हणायचं, रविवारी ओव्हरटैम होता, त्याचे पैसे ठेकेदाराकडून येणं आहेत, जेवण त्याशिवाय होतं. हे खोटंही नाही. येणं होतेच. त्यानं दिले नाहीत एवढंच.

पुण्यात आमचे एक ओळखीचे वकील आहेत, गरिबांकडून फी घेत नाहीत. ते अर्ज करतील. सगळ्यात वजनदार साक्ष तुमची. जो रविवारी येणार नाही त्याला सोमवारी काम नाही, असा हुकूम होता हे तुम्ही सांगायचं. मग ते आपखुशीचं काम उरत नाही.

तुम्ही त्याचेच नोकर आहात. साक्ष दिल्यावर तुमचं काय होईल हे मला दिसतं, आणि तरी मी मागतो आहे.

बजरंग

*

औंढे
२ मे १९३७

चि. बजरंग,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. अर्ज गेला, तारीख पडली, पुढं गेली, आता जूनमध्ये आहे म्हणतात. ठेकेदार मला काही बोलत नाही. पूर्वी चहा पाठवायचा, तो बंद झाला. मीही रोज जातो, रेघा ओढतो आणि परत येतो. गुडघे दुखतात, औंढ्याहून लोणावळा वर्षागणिक लांब होत चाललंय.

बहिरू घरी आहे. कुबडी घेऊन अंगणात फिरतो. वकीलसाहेब मोठा भला माणूस, पुण्याहून स्वतः वाडीवर आले. घोंगडीवर बसून त्यांनी बहिरूकडून घोकून घेतलं. “रविवारी काय होतं?” “वव्हरटैम.” “पैसे?” “येनं हायती.” चिंगी पाठीमागं बसून बापाबरोबर म्हणत होती आणि सगळे हसत होते. बहिरूच तेवढा हसत नव्हता.

वकीलसाहेब गेल्यावर त्यानं मला विचारलं, “आबा, औंदा आवनीला मानसं सांगून ठिवायला पायजेत. आत्तापासनं सांगू का?” कोर्टाची तारीख तोंडावर आणि याला आवणी सुचते. मी म्हटलं, आधी खटल्याचं बघ रे बाबा, पैसे आले की माणसं रोजानं लावता येतील. तो कुबडी घेऊन अंगणात निघून गेला. बहुतेक भेदरला आहे, दुसरं काही मनात आणून वेळ काढतो.

मी साक्ष देणार आहे. तुझ्या काकीला विचारलं तर म्हणाली, “जा की. आपल्या दोघांना लागतं किती?” तिनं इतक्या सहज म्हटलं की मीच कानकोंडा झालो.

भिमाजी

*

औंढे
१९ जून १९३७

चि. बजरंग,

खटला गेला. कसा गेला ते सांगायला चार दिवस हात धजत नव्हता.

पहिली साक्ष माझी. हुकुमाचं मी स्वच्छ सांगितलं. ठेकेदाराच्या वकिलानं विचारलं, “रविवारी आला नाही म्हणून सोमवारी कुणाला परत पाठवलं? एक नाव सांगा.” नाव कुठून आणू? कुणी कधी चुकलाच नाही, तर परत पाठवणार कुणाला? मग त्यानं विचारलं, “या कामाला इर्जिक हे नाव कुणी दिलं?” शपथ घेतलेली होती. म्हटलं, मीच. समोरच्या बाकावर ठेकेदार बसला होता, त्यानं मान खाली घातली. त्याला आनंद झाला असेल, पण दिसला नाही.

शिदूनं घोकलं होतं तसं सांगितलं. आणखी दोघांनी सांगितलं. आपले वकील म्हणाले, अजून जमेल, सगळं बहिरूवर आहे.

बहिरू कुबडी टेकून उभा राहिला. निवाडा करणारे साहेब मराठीच होते, त्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं. विचारलं, “त्या दिवशी तू कशासाठी गेला होतास?” बहिरूनं आधी माझ्याकडे बघितलं, मग शिदूकडे. म्हणाला, “इर्जिकीला गेलतो.”

आपले वकील उठून काही म्हणायला लागले. साहेबांनी त्यांना बसवलं आणि पुन्हा विचारलं, “नीट आठवून सांग. मजुरी मिळणार होती का? या उत्तरावर तुझे पैसे आहेत, हे तुला कुणी सांगितलंय ना?” त्यांना द्यायचे होते रे पैसे, मला त्यांच्या आवाजात कळत होतं. बहिरू म्हणाला, “सांगितलंया, सायेब. पर मी जेवलो तितं. जेवून पैसं कसं मागू?”

पुढं काही उरलंच नाही. मजुरी ठरलेली नव्हती, सबब त्या दिवशी नोकर आणि मालक हे नातं नव्हतं, असं काहीसं साहेबांनी लिहून घेतलं. लिहिताना त्यांनी एकदा लेखणी खाली ठेवली होती.

वकीलसाहेबांनी आम्हाला स्टेशनपर्यंत टांगा करून दिला. मी थकलोय. बाकीचं नंतर लिहीन.

भिमाजी

*

परळ, मुंबई
२६ जून १९३७

ती. आबा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सात महिने, वकिलांच्या फेऱ्या, तुमची पणाला लागलेली नोकरी, सगळं एका वाक्यात घालवलं त्यानं. कोणी शिकवलं त्याला? ठेकेदाराचा माणूस वाडीवर गेला होता का? किती दिले? घेतले असतील तर मी त्याला दोष देणार नाही, पण मला खरं कळू द्या. आणि पैसे न घेता तो असं बोलला असेल तर मग कुणासाठी लिहायचं आम्ही, हेच मला समजेनासं झालंय. तुम्ही त्याच्या शेजारी होता. तुम्ही त्याला सावरलं का नाही?

मी सगळी हकिकत या अंकात छापली आहे. बहिरूचं नाव घातलं नाही, पण भुशीच्या रस्त्यावरचा बंगला असं स्पष्ट लिहिलं आहे. मालकाच्या पेढीवर दोन अंक मुद्दाम पाठवले. निदान त्याला मुंबईत चारचौघांत उत्तर द्यावं लागू दे.

मी फार कडू लिहितोय. मलाही थकवा आलाय, आबा.

बजरंग

*

औंढे
२० जुलै १९३७

चि. बजरंग,

तुझ्या पत्राचा राग नाही. माझ्या मनातही हेच सगळं येऊन गेलं होतं. पुण्याहून परतताना आगगाडीत मी बहिरूला विचारलं, आणि जरा वाकडंच विचारलं, की कुणी पैसे चारले का? तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, “आबा, पैसं येकदाच येत्यात. मानसं दर साली लागत्यात. माजा पाय गेला, आता माजी आवनी वाडीनंच करायची. मी सायबाम्होरं म्हनलो असतो का इर्जिकीत जेवून बी पैसं येनं होतं, तर उद्या माज्या खाचरात कोन उतरंल? म्हनतील, ह्यो जेवूबी घालील आन् वर हिशेबबी करील.”

मेमध्ये तो आवणीचं विचारत होता ते यासाठी. मला वाटलं, भेदरलाय. तो सात महिने हाच एक विचार करत होता आणि त्याच्या शेजारी बसून मला तो दिसला नाही. त्याचं चुकलं असं मला त्या दिवशी म्हणता आलं नाही, आजही येत नाही.

माझी नोकरी गेली. भांडण नाही, तंटा नाही. ठेकेदार म्हणाला, “उद्यापासून हजेरी नथू घेईल.” नथू गड्यांतलाच एक, थोडं लिहितावाचता येतं त्याला. मी वही ठेवली आणि घरी आलो. तुझ्या काकीनं त्या दिवशी शेवयांची खीर केली, का ते मी विचारलं नाही.

आता तुझ्या अंकाचं. तो लागू पडला बरं का. बंगल्याच्या मालकाचं मुंबईहून खरमरीत पत्र आलं म्हणे, की माझ्या घराची अशी बदनामी नको. झालं, शनिवारच्या वाटपाला ठेकेदारानं जाहीर केलं, या आठवड्यापासून जेवण बंद, रविवारी ओव्हरटैम. सव्वापट रोज, रोख, हजेरी लावून. कुणावर जबरदस्ती नाही, ज्याला यायचं त्यानं यावं. बंगल्याला छप्पर झालंय, आत फरशीचं काम आहे, पावसाची अडचण नाही. गडी काय खूश झाले असतील! तुला मी मनापासून शाबासकी देतो. इतकी वर्षं मला जे जमलं नाही ते तू कागदावर लिहून करून दाखवलंस, आणि ते चांगलंच झालं. पुढचं वाचूनही तू तसंच समज.

परवा रविवारी बहिरूची आवणी होती. त्यानं आधीपासून सगळ्यांना बोलावणं केलं होतं आणि सगळे हो म्हणाले होते. रोप पुरतं वयाला आलं होतं, आणखी आठवडा गेला असता तर म्हातारं होऊन फुकट. मी आणि तुझी काकी दिवस उगवताना गेलो. मी चिखलात पाय घातल्याला तीस वर्षं तरी झाली असतील, बहिरूनं बघून “आबा, धोतार वर खोचा” म्हणून हसून घेतलं. तो बांधावर बसून रोपाच्या मुठी बांधत होता. चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. बायानं घरच्या कोंबड्या कापल्या होत्या, होत्या तेवढ्या सगळ्या. तांदळाच्या भाकरींची दुरडी भरून ठेवली होती.

आम्ही वाट बघितली. वाडीतली म्हातारी झुंबरबाई आली. तिच्यामागून कुणी आलं नाही. ऊन वर आलं, मग पावसाची सर येऊन गेली. झुंबरबाईनंच शेवटी सांगितलं, “समदी बंगल्यावर गेल्यात. सव्वा रोज हाय म्हनं.” शिदूसुद्धा गेला होता, बायाचा सख्खा भाऊ. आषाढात कुणाच्या कणगीत दाणा असतो? त्याच्या घरी लेकरं आहेत. मी त्याच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.

बहिरूनं हे सगळं ऐकलं. हातातली मूठ बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “तितं आता जेवान देत न्हाईत न्हवं? मंग उपाशी आसत्याल. ह्ये नेऊन द्या. वाया कशाला घालवायचं?”

बायानं पातेलं डोक्यावर घेतलं, मी दुरडी घेतली. भुशीच्या रस्त्यानं आम्ही दोघं बंगल्यावर पोचलो. गडी बंगल्याच्या व्हरांड्यात मीठ-भाकरीची फडकी सोडून बसले होते. बायाला बघून सगळे उभे राहिले. तिनं पातेलं खाली ठेवून झाकण काढलं, तसा कोंबडीच्या रश्श्याचा वास सुटला. कुणी पुढं आलं नाही. भूक तर दिसत होती रे तोंडावर. पण हे कशाचं जेवण आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि खाल्लं की जावं लागतं, हेही. नथू माझ्याकडे बघून म्हणाला, “आबा, हितं कशाला आनलं ओ?” शिदू पायाच्या अंगठ्यानं फरशीचा चुरा उकरत होता.

बायानं एकेकाकडे बघितलं. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार, आणि सोडावंच, असं मला मनातून वाटत होतं. ती शिदूला म्हणाली, “खा रं. इर्जिकीचं न्हाई ह्ये. घरचंच हाय.”

तेव्हा शिदू खाली बसला. मग सगळे बसले. तिनं प्रत्येकाला पोटभर वाढलं, नको म्हणाला त्यालाही वाढलं. जेवताना कुणी वर बघितलं नाही. मला तिथं उभं राहवेना, मी रस्त्यावर जाऊन थांबलो आणि रडलो. तुला लिहायला लाज वाटत नाही.

आम्ही परत आलो तेव्हा पाऊस लागला होता. झुंबरबाई आणि तुझी काकी वाकून लावत होत्या, चिंगी मुठी पोचवत होती. चारांतलं एक खाचर कसंबसं उरकत आलं होतं. बहिरूनं लांबूनच विचारलं, “जेवली का समदी?”

मी म्हटलं, “जेवली.”

“मंग येत्याल,” तो म्हणाला. “आज न्हाई तर उद्या येत्याल. जेवलीत म्हंजी यावंच लागंल.” आणि त्यानं उरलेलं रोप जवळ ओढून जोरानं मुठी बांधायला घेतल्या.

मी बायाकडे बघितलं. तिनं रिकामं पातेलं बांधावर उपडं घातलं, लुगडं खोचलं आणि खाचरात उतरली. मग मीही उतरलो.

भिमाजी